जिन्याचं गेट आणि मोनाची मुलाखत

पृथ्वीराजनं जर्मनीहून येताना बॅगेत घालून एक गेट आणलं, तिथून सगळं सुरू झालं. (आईची चॉकलेटं ब्रेमेनलाच राहिली, पण गेट आलं.) लहान मूल जिन्यावरून पडू नये म्हणून लावतात ते. पांढऱ्या गजांचं, कमरेपर्यंत येणारं. घरात मूल नव्हतं. मूल दत्तक द्यायचं की नाही हे ज्या ठरवणार होत्या त्या क्रेमर बाई मात्र होत्या. ब्रेमेनचा फ्लॅट बघून झाल्यावर त्या म्हणाल्या होत्या, "मूल सुट्टीत जिथं राहणार, ते आजी-आजोबांचं घरही मला व्हिडिओवर दाखवा. गुरुवारी, तुमच्याकडच्या साडेचारला."

चार वर्षं पृथ्वीराज आणि त्याची बायको संयोगिता कागद गोळा करत होते. पोलिसांचा दाखला झाला, पगाराचा झाला, डॉक्टरांनी दोघांचे दातसुद्धा मोजले. आता राहिली होती एवढी एक मुलाखत. यात नापास झालो तर संपलं, हे दोघांनाही माहीत होतं. पृथ्वीराजला धास्ती होती ती एकाच माणसाची, स्वतःच्या वडिलांची.

वडील बाळासो, म्हणजे आबा, कोल्हापूरच्या कसबा बावड्यातल्या घराच्या जिन्यात कमरेवर हात ठेवून गेट बघत उभे होते.

"कोंबड्या पाळायच्या हाईत व्हय वर?"

"आबा, सेफ्टी आहे ती."

"तू ह्याच जिन्यावरनं तीनदा गडगडलास. काय झालं?"

(हे विचारताना आबा त्याच्याकडे इतकं निरखून बघत होते की उत्तर देणं अवघड होतं.)

पृथ्वीराजनं नियमांचा कागद भिंतीला चिकटवला. गेट कायम बंद ठेवावे. आबांनी फक्त नमस्कार म्हणावा. गोठ्याचा विषय काढू नये. आईने जेवणाचा आग्रह करू नये.

"पावण्या बाईला च्या बी विचारायचा न्हाय?" तानाबाईंना हा शेवटचा नियम भलताच लागला.

"आई, त्या जर्मनीत आहेत. टॅबवर दिसणार फक्त."

"म्हणून काय उपाशी बसवायची तिला?"

गुरुवारी साडेचारला सगळे वरच्या खोलीत ओळीनं बसले. संयोगिताचं जर्मन फर्डं, त्यामुळे दुभाषाचं काम तिच्याकडे. आबांनी नमस्कार म्हटला आणि तोंड मिटलं. तानाबाई हातात चहाचा कप धरून गप्प बसल्या. अकरा मिनिटं सगळं इतकं सुरळीत चाललं की पृथ्वीराज चक्क टेकून बसला.

तेवढ्यात खालच्या गोठ्यातून मोना हंबरली. मोना ही आबांची म्हैस, आणि तिची धार काढायची वेळ झाली होती.

"हा आवाज कसला?" क्रेमर बाईंनी विचारलं.

"ट्रॅफिक," पृथ्वीराज म्हणाला.

आबांना जर्मन येत नव्हतं, पण एवढा शब्द कळला.

"ट्रॅफिक? मोनाला ट्रॅफिक म्हणतोस?" आबा ताडकन उठले. "चला बाई, दावतो तुमास्नी ट्रॅफिक!"

असं म्हणून त्यांनी टॅब बगलेत मारला आणि सत्तरीच्या वयात एका ढेंगेत गेट ओलांडलं. संयोगिता मागोमाग धावली. तिनं एका बोटानं गेट उघडलं, सासूबाईंना चहासकट पुढं घातलं आणि नियमाप्रमाणे गेट बंद केलं.

मग आला पृथ्वीराज. त्यानं कळ दाबली. कळ दाबून उचललं. उचलून सरकवलं. शेवटी हात जोडले. ढेंग टाकायला गेला, तर पोट आडवं आलं. म्हणून तो गजांमागे बसून जिन्याच्या खिडकीतून खालचा गोठा बघत राहिला. खालचा शब्द न् शब्द ऐकू येत होता, हीच मोठी पंचाईत होती.

आबांनी टॅब गव्हाणीवर उभा केला आणि बादली घेऊन धारेला बसले. क्रेमर बाईंनी हळूच विचारलं, "येणारं मूल तुमच्या रक्ताचं नसेल. आजोबा म्हणून तुम्हाला काय वाटतं?"

पृथ्वीराज गज धरून पुढं वाकला. हाच प्रश्न आबांना विचारायचं धाडस त्याला चार वर्षांत झालं नव्हतं.

"हिचं रेडकू औंदा गेलं, बाई," आबा धार न थांबवता म्हणाले. "मग शेजारचं एक आईवेगळं रेडकू आणून हिला लावलं. दोन दिस लाथा घातल्या हिनं. तिसऱ्या दिवशी चाटाय लागली, पान्हा सोडला. म्हशीला कळतंय, आन मला कळायचं न्हाय व्हय?"

डोळे पुसत संयोगितानं शब्द न् शब्द जर्मनमध्ये सांगितलं, लाथांसकट. वर पृथ्वीराजला रडूही आलं आणि "लाथा कशाला सांगितल्यास गं?" असं ओरडावंसंही वाटलं.

क्रेमर बाईंनी चष्मा काढून पुसला. "आणि तुम्ही? तुम्हीही दोन दिवस लाथा मारणार?"

"छ्या! आमी पहिल्याच दिवशी चाटणार की!"

बाई खळखळून हसल्या. तानाबाईंनी तेवढ्यात कप टॅबसमोर धरलाच. "गार झालाय बघा. दुसरा आणू?"

"आन त्यो आमचा पोरगा," म्हणत आबांनी टॅब खिडकीकडे वळवला. गजांमागून पृथ्वीराजनं हात हलवला. (दुसरं काय करणार?) कॉल संपल्यावर वीस मिनिटांनी त्याची कुणाला तरी आठवण झाली.

तीन आठवड्यांनी ब्रेमेनला अहवाल आला. मंजूर! संयोगितानं त्याला मिठी मारली, दोघंही स्वयंपाकघरात वेड्यासारखे नाचले, मग रडले. नंतर त्यानं अहवाल नीट वाचला. आजोबांवर पान भरून मजकूर होता. मोनावर अर्धं पान. पृथ्वीराजचा उल्लेख 'घराची सुरक्षितता' या सदरात होता: 'जिन्याचे गेट उत्कृष्ट आहे. एकोणचाळीस वर्षांच्या पुरुषालाही ते उघडता आले नाही.'

त्यानं कोल्हापूरला फोन करून बातमी सांगितली. दुसऱ्याच दिवशी आबांनी चौकातल्या नव्या फ्लेक्सचा फोटो पाठवला. मधोमध हार घातलेली मोना, वर मोठ्या अक्षरांत 'जर्मनीची परीक्षा पहिल्या झटक्यात पास!', बाजूला फेटा बांधलेले आबा, त्यांच्याशेजारी तानाबाई आणि संयोगिता.

पृथ्वीराजनं फोटो मोठा करून करून बघितला. तोही होता. अगदी खाली, शुभेच्छुकांच्या रांगेत, गजांसकट.