मोगऱ्याच्या दिवशीची हजेरी

थंडीत बागेतलं पहिलं फूल उमललं, की त्या सकाळी धोबी पक्षी हजेरी घेतो. आपलं नाव आलं की 'हजर' म्हणायचं आणि का म्हणून विचारायचं नाही, हा साताऱ्याच्या चिरमुल्यांच्या घरातला नियम होता. शलाकाला तो अक्षरओळखीच्या आधी शिकवला होता.

धोबी चिमणीएवढाच, करडा-पांढरा. नावं जरा नाकात घ्यायचा. 'हजर' ऐकलं की दोनदा शेपटी हलवायचा, नोंद झाली. वनस्पतिशास्त्रात बी.एस्सी. झाल्यावर शलाकाने पक्ष्यांचं जाडजूड पुस्तक आणून तपासलं. त्यात धोब्याचा रंग होता, लांबी होती, तो काय खातो तेही होतं. हजेरीबद्दल अवाक्षर नव्हतं.

"पुस्तकवाल्यांच्या घरी येत नसेल," तिचे वडील, अण्णा, म्हणाले.

नऊ वर्षांपूर्वी अण्णांची धाकटी बहीण कुमुदआत्या हजेरीच्या वेळी जास्वंदीच्या फांदीवरचा शिंजीर पक्षी बघत होती. नाव पुकारल्यावर ती म्हणाली, "थांब रे जरा." शेपटी हलली नाही. तेव्हापासून आत्या गैरहजर होती, आणि गैरहजर माणसाशी कुणी बोलायचं नाही, हे नियमाचं दुसरं कलम. तिला कराडच्या शाळेत नोकरी लागली होती. शाळेची तीन पत्रं आली. तिन्हींना अण्णांच्या धाकट्या भावाने, भाऊकाकांनी, उत्तर पाठवलं, 'संबंधित व्यक्ती गैरहजर आहे.' आत्या महिनाभर रोज विचारायची, "जाऊ का मी?" कुणी उत्तर दिलं नाही, म्हणून ती गेली नाही. पोळ्या लाटायची, बागेला पाणी घालायची. घरोघरची माहिती घ्यायला एक बाई आल्या, तेव्हा अण्णा म्हणाले, "माणसं पाच. त्यातलं एक गैरहजर."

"कुठे असतात?"

"स्वयंपाकघरात."

बाईंनी तसं लिहून घेतलं.

शलाका तेव्हा तेरा वर्षांची होती. तीही आत्याशी बोलायची थांबली. आता बावीस पूर्ण झाली होती, येत्या सोमवारी पुण्यात एका संशोधन प्रकल्पावर रुजू व्हायचं होतं, बॅगही भरून झाली होती. मात्र पहिलं फूल अजून यायचं होतं. "हजेरी झाल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही," असं अण्णांनी बजावलं होतं.

शनिवारी सकाळी शेवंतीच्या कळ्या हिरव्यागार मिटलेल्या असताना आत्याच्या मोगऱ्याला फूल आलं. भर मार्गशीर्षात. धोबी येऊन हौदाच्या काठावर उभा राहिला.

"मोगरा थंडीत धरता येत नाही," भाऊकाका कानटोपी सारखी करत म्हणाले. "उन्हाळ्याचं फूल ते."

"पण धोबी आलाय ना भावजी," आई म्हणाली.

"तो आलाय हे खरं. पण नियमात बसत नाही."

"फूल आधी की धोबी आधी, हे ठरलेलं नाही कुठे," अण्णा म्हणाले आणि गोंधळून दोघांकडे बघत राहिले. शलाकालाही काही कळेना. ती फुलाकडे बघत होती. शेजारी आत्या पाण्याची झारी घेऊन उभी होती, आणि कुणाला ती दिसत नव्हती असंही नाही. भाऊकाका तिला धक्का लागू नये म्हणून बाजूला सरकले होते.

"अनंत."

"हजर," अण्णा म्हणाले. शेपटी हलली.

"भालचंद्र." "हजर." "वसुधा." "हजर."

"शलाका."

शलाकाची नजर आत्याच्या हातातल्या झारीवर होती.

"अगं, बोल की!" आई कुजबुजली.

"कुमुदआत्याचं नाव का नाही घेतलं?"

"तिचं नाव कमी झालंय," अण्णा म्हणाले. "आणि का म्हणून विचारायचं नाही, ठाऊक आहे ना?"

"मग ह्या मोगऱ्याला पाणी कोण घालतं?"

"तो विषय वेगळा," भाऊकाका म्हणाले.

"शलाका," धोबी दुसऱ्यांदा म्हणाला.

"पोरी, सोमवार आहे तुझा," अण्णा म्हणाले. "एक शब्द म्हणायचाय. नाहीतर कायमची घरात बसशील!"

"नाही म्हणणार. जिथे आत्या हजर नाही, तिथे मीही नाही."

धोब्याने क्षणभर वाट पाहिली. शेपटी हलली नाही. मग तो हौदावरून उतरला आणि गवतातले किडे टिपू लागला.

भाऊकाकांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि दुसरं कलम आठवून मिटलं.

शलाका वळली. गैरहजर माणसांनी एकमेकांशी बोलू नये, असं कुठलंही कलम नव्हतं. "आत्या, चहा आहे का गं?"

"आहे की," आत्या म्हणाली. नऊ वर्षांनी आवाज जरा घोगरा आला होता. "आलं घालू?"

"घाल. आणि तुझी बॅग काढ. सोमवारी आपण दोघी पुण्याला जातोय." मग ती तिघांकडे वळली. "कुणाची हरकत असेल, तर आत्ताच सांगा."

अण्णांनी भाऊकाकांकडे बघितलं. भाऊकाकांनी आईकडे. आईने मोगऱ्याकडे. "मग हरकत नाही," म्हणत शलाका आत्याच्या मागे स्वयंपाकघरात गेली.