नवखारच्या वाटेचा पॅच

अकरा ओळी! फक्त अकरा ओळी तपासायला डेन्मार्कच्या त्या गृहस्थानं शनिवारपर्यंतची मुदत दिली होती, आणि हरेश म्हात्रेला या गोष्टीचं हसूच येत होतं. "अकरा ओळी म्हणजे काय हो! चहा निवायच्या आत हातावेगळ्या करतो!" असं त्यानं ऑफिसात चारचौघांत जाहीर केलं आणि बाह्या सरसावून कॉम्प्युटरसमोर बसला.

साल अठ्ठ्याण्णव. हरेश पेण तालुक्यातल्या नवखारचा. कासू स्टेशनवर उतरायचं आणि खाडीच्या बांधावरून पाऊण तास चालायचं, म्हणजे नवखार. पावसाळ्यात त्या पाऊण तासाचे दोन तास होत, आणि चपला गेल्या तर त्या खाडीला वाहिल्या असं समजायचं. हरेशचा बाप रघू मिठागरात राबून म्हातारा झाला. पोरगा मात्र रोह्याच्या एका रंगाच्या कारखान्यात कॉम्प्युटरवर नोकरीला लागला.

कारखान्यात रंगांच्या कृतींच्या शेकडो फाइली होत्या. त्या सांभाळायला हरेशनं एक फुकटचा प्रोग्राम बसवला होता. फाइल बदलली तरी हा प्रोग्राम जुनी आवृत्ती जपून ठेवी आणि मागाल तेव्हा काढून देई. जगभरातली माणसं एकमेकांचं तोंडही न बघता ई-मेलवरून तो प्रोग्राम बनवत होती. त्यात हरेशला एक खोट सापडली. फाइलीचा पत्ता, म्हणजे पाथ, लिहिताना दोन तिरप्या रेघा लागोपाठ पडल्या की प्रोग्राम भांबावायचा. हरेशनं ते कळवलं आणि आठवड्याभरात डेन्मार्कहून उत्तर आलं. सोबत दुरुस्ती जोडली होती. तिला पॅच म्हणत. पत्रात लिहिलं होतं, 'आपणच तपासा. आपण ओके म्हणालात तर रविवारच्या नव्या आवृत्तीत हा पॅच जाईल आणि तपासणाऱ्यांच्या यादीत आपलं नाव छापू.'

हरेशनं ते पत्र सतरा वेळा वाचलं. ज्या गावात एसटी पोचत नाही, तिथल्या माणसाला सात समुद्रांपलीकडून कोणी विचारतंय, 'हे बरोबर आहे का हो?' त्याच्या अंगावर काटा उभा राहिला. 'हरेश म्हात्रे, नवखार' ही अक्षरं जगभरच्या कॉम्प्युटरांत बसणार! त्याला दुसरं काही सुचेना.

त्यानं पॅच लावून बघितला. दोन रेघा घातल्या, तीन घातल्या, मस्ती म्हणून नऊ घातल्या. सगळं चकाचक! त्यानं ऐटीत 'ओके' लिहिलं आणि पाठवायला गेला, तर ई-मेल जिच्यावरून जायची ती फोनची लाइन मेलेली. "शनिवारी सकाळपर्यंत येईल," ऑपरेटर म्हणाला. हरेशचं काही बिघडत नव्हतं. पॅच आणि त्याच्या मागचापुढचा सगळा मजकूर त्यानं लांबलचक जोडकागदावर छापून घेतला आणि घरी दाखवायला घेऊन गेला.

"ह्यो काय रं लांबडा कागुद?" रघूनं ओटीवरून पायरीपर्यंत उलगडलेला कागद बघून विचारलं.

"बाबा, पाथ म्हणजे वाट. वाट जिथं चुकते तिथं पॅच मारायचा. तो पॅच बरोबर बसलाय का, ते मी तपासायचं. मी ओके म्हटलं की काम पास!"

आता हे हरेशनं सोपं करून सांगितलं होतं. पण गोवा हायवेवर दर पावसाळ्यानंतर खड्डे भरतात त्यालाही पॅचच म्हणतात, हे त्याच्या लक्षात आलं नाही. रघूनं ऐकलं एवढंच की वाट, पॅच, तपासणी आणि पोरगा पास करणार! त्यानं डोक्याला टॉवेल गुंडाळला आणि तडक नाथाचं घर गाठलं.

नाथा म्हणजे नवखारच्या रस्त्यासाठी बावीस वर्षं अर्ज लिहिणारा माणूस. दर साली अर्ज जाई, दर साली नामंजूर होऊन येई.

शुक्रवारी कारखान्याला सुट्टी. सकाळी हरेश दात घासत बाहेर आला तर अंगणात पस्तीस माणसं! नाथाच्या हातात हार, हरेशची आई हौसा चुलीवर कळशीभर चहा ठेवतेय, आणि रघू नव्या सदऱ्यात.

"हरेश, आपल्या वाटेचं काम तुज्याकडं आलंय म्हन!" नाथानं हार घालत विचारलं.

"नाथादादा, ही ती वाट नाय! ही फाइलींची वाट!"

"व्हय व्हय, फाइलींचीच. सरकारात सगळी कामं फाइलीवरच चालतात!"

"अहो, सरकारचा काय संबंध? हे डेन्मार्कचं काम हाय!"

"परदेशी मदत!" गर्दीतून कोणीतरी कुजबुजलं आणि पस्तीस जण एकदम पुढं सरकले.

नाथा कागदापाशी उकिडवा बसला. पॅचमधल्या काढायच्या ओळींपुढे वजाचं चिन्ह होतं आणि नव्या ओळींपुढे अधिकाचं. नाथानं बोट फिरवत वाचायला सुरुवात केली. "वजा म्हंजी खड्डा. अधिक म्हंजी भर. खड्डे चार... भर सात! हरेश, चार खड्ड्यांना सात भर कशाला रं? हितं पानी मुरतंय!"

"नाथादादा, हात जोडतो..."

"साहेबलोक आधी नायच बोलतात," रघूनं सगळ्यांना समजावलं. बापाच्या चेहऱ्यावरचं कौतुक बघून हरेशला पुढं बोलवेना.

तेवढ्यात काठी टेकत बायजाबाय पुढं आली. वय पंच्याहत्तर, अक्षरशत्रू, पण आवाज खाडीच्या पलीकडं जाणारा. "ते खड्ड्यांचं ऱ्हाऊ दे! वाट कंच्या नवखारची, ते नीट लिवलंय का? नायतर जाईल रोह्याच्या नवखारला, माझ्या वऱ्हाडासारखी!"

रोहा तालुक्यात एक दुसरं नवखार होतं. "तुमच्या वऱ्हाडाचं काय झालं, आजी?" हरेशनं विचारलं. निदान विषय तरी बदलेल, एवढीच त्याची आशा.

"लगीन नवऱ्याच्या घरी ठरलेलं. सासऱ्यानं आमाला निरोप धाडला, 'कासूला या, एक गाव मागं फिरा, मंग नवखार.' निरोप्या विसरभोळा! त्यानं 'एक गाव मागं फिरा' तेवढंच गाळलं. आमचा ट्रक कासूला आला, नवखार इचारलं, लोकांनी पुढचं रोह्याचं दाखवलं. तिथंबी त्याच दिवशी लगीन! मांडव दिसला, आमी उतरलो, जेवलो. अंतरपाट धरला तवा भटजी ओरडला, पलीकडं नवरदेव एक आन् अलीकडं नवऱ्या दोन!"

"मंग गो?" हौसा चहाचा कप हातात घेऊन तशीच उभी राहिली.

"मंग काय! ती नवरी माझ्याहून गोरी, म्हून वाचले!"

अंगण हसून लोळलं. हरेश मात्र हसत नव्हता. 'एक गाव मागं फिरा' तेवढंच गाळलं... तो कागदावर गुडघे टेकून बसला आणि अधिकाची सातवी ओळ शोधू लागला. फाइलीच्या पत्त्यात दोन टिंबं दिली की त्याचा अर्थ एक पायरी मागं फिरा. पत्ता स्वच्छ करता करता ही सातवी ओळ जास्तीच्या रेघांबरोबर पत्त्याच्या सुरुवातीची ती दोन टिंबंसुद्धा पुसत होती! ओळ अगदी त्या निरोप्याच्याच जातीची!

"आजी!" हरेश ओरडला आणि त्यानं बायजाबायचे पायच धरले. डेन्मार्कच्या माणसाला दिसलं नाही, त्याला स्वतःला नऊ रेघा घालून सापडलं नाही, आणि ज्या बाईनं आयुष्यात कॉम्प्युटर पाहिला नाही, तिनं ते उभ्या उभ्या सांगितलं. आश्चर्यानं त्याचे डोळे भरून आले.

"सापडलं काय?" नाथानं विचारलं.

"चूक सापडली, दादा! सातव्या ओळीत!"

"बोललो नव्हतो? भर जास्त हाय!"

शनिवारी हरेश पहिल्या गाडीनं रोह्याला गेला. त्यानं कॉम्प्युटरवर रोहा नावाचं फोल्डर केलं. त्याच्या बाहेर एक नवखार, आत दुसरं नवखार. बाहेरच्यात बायजाबायची फाइल, आतल्यात दुसऱ्या नवरीची. मग रोह्याच्या फोल्डरात उभं राहून प्रोग्रामला सांगितलं, 'एक पायरी मागं फिर आणि नवखारची फाइल आण.' प्रोग्राम गेला आणि ऐटीत दुसरी नवरी घेऊन आला!

हरेश खुर्चीत मागं रेलला. हाच पॅच कारखान्यात लागला असता तर लालच्या जागी निळ्याची कृती निघाली असती. आणि जगभरात किती कारखाने, किती फाइली! पण आता 'नापास' म्हणायचं म्हणजे पॅच रविवारच्या आवृत्तीतून बाहेर, आणि त्याच्याबरोबर 'हरेश म्हात्रे, नवखार'ही बाहेर. लिहून ठेवलेला 'ओके' समोरच होता. फोनची लाइनही नेमकी आत्ताच जिवंत झाली होती. एक बटण दाबलं की नाव जगभर! बाप नव्या सदऱ्यात कसा उभा होता, ते त्याला आठवलं. हरेशनं बराच वेळ नखं खाल्ली. मग 'ओके' पुसला, 'नापास' लिहिलं, दोन नवखारांचा नमुना जोडला आणि डोळे मिटून पाठवून दिलं.

सोमवारी उत्तर आलं. 'आपण आम्हाला मोठ्या फजितीतून वाचवलंत. पॅच मागे घेतला आहे. यापुढं प्रत्येक नवी आवृत्ती बाहेर पडण्याआधी आपल्या नमुन्यावर तपासली जाईल. त्या तपासणीचं नाव आम्ही नवखार ठेवलं आहे.'

हरेशनं तो एक शब्द पुन्हा पुन्हा वाचला. जगातला कुठलाही शहाणा आता आधी नवखारला पोचून दाखवणार, मगच पुढं जाणार! स्वतःचं नाव गेल्याची हळहळ कुठल्या कुठं पळाली.

कासूला उतरल्यावर तो बांधावरून पळतच सुटला. अंगणात निकाल ऐकायला पुन्हा पस्तीस माणसं जमलेली.

"आपल्या गावाचं नाव जगभर गेलं!" हरेश धापा टाकत म्हणाला. "बायजाआजीमुळं! पेणचं नवखार कुठलं आणि रोह्याचं कुठलं, ते आता साऱ्या जगाला नीट कळणार!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. बायजाबायनं पदर सावरला. नाथानं घसा साफ केला. "आन् पॅच? पॅच मंजूर झाला का?"

"छे! तो मी नामंजूर केला!"

टाळ्या थांबल्या. हौसाच्या हातातला कप बशीवर वाजला.

"कोनी केला?" नाथानं अगदी हळू विचारलं.

"मी."

"बावीस वरसं परके नामंजूर करत व्हते," नाथा खाली बसत म्हणाला. "त्यासाठी घरचा पोरगा शिकवायची काय गरज व्हती रं, रघू?"

रघू उठला. त्यानं नव्या सदऱ्याची बाही नीट केली आणि पोराच्या खांद्यावर हात ठेवला.

"ऱ्हाऊ दे, नाथा. नामंजूर तं दर साली व्हतो. या साली कागदावर गावाचं नाव तरी बरोबर व्हतं!"