ओतूरकर बाईंची पाचवी

आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिलाच. त्यामुळे मी कुणाबद्दल लिहावं, तेही पुण्यातल्या एका बाईंबद्दल, हा जरा आगाऊपणाच आहे. चुकलं तर सांभाळून घ्या. मी लिहिलं नाही तर दुसरं कुणी लिहील असं वाटत नाही, म्हणून धीर केला.

ओतूरकर बाई माणसं मोजतात. बसमध्ये चढल्या की आधी मोजणार, मग तिकीट. आमच्या वर्गातल्या एकीच्या लग्नात त्या कार्यालयाच्या दारात थांबल्या, सगळीकडे एकवार नजर फिरवली आणि मला म्हणाल्या, "तीन तुकड्या होतील. वर बालवाडी." मग अक्षता घेतल्या.

आमची ओळख शनिवार पेठेत झाली. शालेय व्यवस्थापनाच्या पदव्युत्तर पदविकेचे वर्ग तिथे संध्याकाळी भरत. बाई कसबा पेठेतल्या एका जुन्या मराठी शाळेच्या पर्यवेक्षिका होत्या. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. दिवाळीत त्यांच्या मुख्याध्यापकांची जागा रिकामी होणार होती आणि संस्थेने सांगितलं होतं, पदविका असेल तर तुमचा विचार करू. मी वाशिमकडून आलेला, बिबवेवाडीतल्या एका नव्या इंग्रजी शाळेत मराठी शिकवत होतो. हे मी बाईंना भीतभीतच सांगितलं.

"अच्छा, म्हणजे आमची मुलं तुमच्याकडे असतात होय," बाई म्हणाल्या. "बरी आहेत ना?"

वर्गातली बाकीची मंडळी तरुण, मोठ्या शाळांतली. त्यांच्याकडे लॅपटॉप असत आणि पडद्यावर 'व्हिजन', 'मिशन' अशी रंगीत अक्षरं फिरत. सरांनी एकदा नेतृत्वाचे प्रकार शिकवले आणि बाईंना विचारलं, तुमच्या शाळेत कोणत्या प्रकारचं नेतृत्व आहे. बाई जरा विचार करून म्हणाल्या, "आमच्याकडे शिपाई एकच आहे. नेतृत्व त्याचंच." व्हिजन विचारलं, तर म्हणाल्या, "पाचवी अ." ब केव्हाच गेली होती.

हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट नव्हती ती. पेठेतली घरं उपनगरांत गेली, उरलेल्यांना इंग्रजी हवं होतं. सरकारी पटपडताळणीत ठरलेल्या आकड्याला एक मूल जरी कमी भरलं असतं, तर पाचवी बंद झाली असती. मग पुढच्या वर्षी सहावी, त्यानंतर सातवी. शाळा खालून वर अशी रिकामी होत जाते, हे मला बाईंनी समजावलं. पुस्तकात ते नव्हतं.

आमचे हजेरी क्रमांक लागोपाठचे, म्हणून प्रकल्प दोघांना मिळून मिळाला. बाईंनी विषय निवडला पटसंख्या, आणि मे महिन्याच्या उन्हात मला मुलं शोधायला दारोदार फिरवलं. त्यांची एक पद्धत होती. बेल वाजवायच्या आधी दारातल्या चपला बघायच्या. लहान मापाचा जोड दिसला की पाणी मागायचं. एकदा असा जोड एका बारीकशा आजींचा निघाला. मी ओशाळलो. बाईंनी शांतपणे विचारलं, "आजी, पाचवी झाली का?"

आजी म्हणाल्या, "नाही बाई, चौथीच झाली."

"मग चला," बाई म्हणाल्या.

शेवटी एकच मूल कमी पडत होतं. मला आमच्या शाळेमागची पत्र्याच्या खोल्यांची रांग ठाऊक होती. तिथे माझ्याच भागातले लोक राहत, कंपन्यांच्या काचेच्या इमारतींवर कामाला जात. त्यांतल्या सुनंदाताईंची रेखा पाचवीत जाणार होती. मराठीत शिकून काय होणार, असं त्या विचारत होत्या. मी गावच्या बोलीत सांगितलं की मी मराठीतच शिकलो. आपण पगार कुठे घेतो ते आठवून मला लाजही वाटली. रेखा कसब्यात जायला तयार झाली. पट बरोबर भरला, एकही जास्त नाही. परतताना बाईंनी मला उसाचा रस पाजला. दुसरा पेलाही मागवला.

परीक्षा आणि पटपडताळणी एकाच दिवशी आली. पडताळणी मुख्याध्यापक बघणार होते. अकराचा पेपर होता. माझ्या पुढचं बाक रिकामंच राहिलं. वर्षभरात बाई कधी पाच मिनिटंही उशिरा आल्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी विचारलं, तर एवढंच म्हणाल्या, "जमलं नाही हो. तुकडी मात्र राहिली." वर्गात मंडळी म्हणाली, या वयात धास्ती घेतली असेल. मीही तसंच समजलो, हे कबूल करतो. दिवाळीनंतर बाईंच्या शाळेत बाहेरून दुसरे मुख्याध्यापक आले. माझा निकाल लागला तेव्हा बाईंनी शाळेत बोलावून पेढे दिले, माझे मलाच. नंतर पाचवीच्या दारात नेऊन वर्ग दाखवला. वर्ग गोंगाट करत होता. बाई खुशीत होत्या.

परवा बिबवेवाडीच्या भाजीबाजारात सुनंदाताई भेटल्या. रेखाचा अभ्यास कसा आहे, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, "चांगला आहे, सर. एकच दिवस खाडा होणार होता. मी कामावर गेलती, लहान्याले पाहाले कोणी नव्हतं, म्हणून तिले घरी ठेवलं. तर बाई धावत आल्या. रेखाले रिक्षात बसवून शाळेत धाडलं अन् पोराले मांडीवर घेऊन सोताच बसल्या. मी संध्याकाळी आली तवा उठल्या."

तो दिवस कोणता, हे मला विचारावं लागलं नाही.

"मले लाज वाटली," सुनंदाताई म्हणाल्या. "म्हटलं, बाई, तुमचं काही काम खोटी झालं असन. तर म्हणे, नाही गं, आज मला सुट्टी आहे."