चावायचं न्हाय, मास्तर!

आमचे शेजारी आप्पा चॉकलेट आधी कानाशी धरून मोडतात. 'टक्' वाजलं की मान डोलावतात. न वाजता नुसतं वाकलं, तर "माल ओला हाय" म्हणून बाजूला सारतात. मग तुकडा बोटांत चोळून हुंगतात. सारा जन्म निपाणीत तंबाखूची दलाली केली. पान हातात घेऊन पारखायची सवय चॉकलेटपाशी येऊनही सुटलेली नाही.

चव घ्यायचं काम मात्र दुसऱ्याचं. जन्मभर चुना-तंबाखू दाढेत धरल्यामुळे त्यांच्या जिभेला मिरची आणि खडीसाखर एकच. म्हणून दुपारी कट्ट्यावर सापडेल त्याला ते धरतात. मी शाळेतून निवृत्त, रिकामा आणि गोडखाऊ, म्हणजे त्यांना हवा तसाच.

"डोळं झाका, मास्तर. चावायचं न्हाय. जिभंवर ठेवा आन् गप बसा."

"किती वेळ?"

"इरघळंस्तवर. तुमची काय गाडी चुकतीया?"

मग मी डोळे मिटून बसतो. वखारींकडून तंबाखूचा उग्र वास येत असतो, लिंबाची सावली पायांवर हलत असते आणि तोंडात काहीतरी अगदी सावकाश आपलं घर सोडत असतं. अशा वेळी मला कधी कधी मी कोण, कुठल्या गावचा, हेही आठवत नाही. फार बरं वाटतं.

नवख्या माणसाला हा म्हातारचळ वाटतो. गल्लीला कारण ठाऊक आहे. आप्पांच्या बायकोला, आमच्या आक्कांना, पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. गिळता येत होतं, पण खाण्यावरचं मनच उडालं. चमचा दिसला की तोंड भिंतीकडे. सुनेनं दूधभाकरी कुस्करली, मुलानं बेळगावहून कुंदा आणला; सगळं तसंच परत. अशानं त्या फार दिवस काढणार नाहीत, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. एकदा फक्त नातीच्या हातातल्या चॉकलेटवर त्यांची नजर जरा थांबली. तेवढ्यावर आप्पा चपला घालून बाहेर पडले.

आधी दुधाचं आणलं. ते गोडमिट्ट, आक्कांनी थुंकून टाकलं. मग कुणीतरी सांगितलं, खरं चॉकलेट काळं असतं. ते तोंडात गेल्यावर आक्कांनी अशी नजर टाकली की आप्पा "काढा न्हवं गं त्यो" म्हणत उलट्या पावली बाहेर आले.

शेवटी मुलानं बेळगावच्या कॅम्पातून एक वडी आणली. वर लिहिलं होतं, 'डार्क मिल्क'. आप्पा मुलावरच उखडले. "काळं का दुधाचं, एक काय ते ठरवा की रं!"

तरी तुकडा मोडून माझ्या जिभेवर ठेवलाच. मी डोळे मिटले. आधी कडूपणा आला. मी तोंड वाकडं करणार, तोच मागून दूध आलं आणि त्याला हळूच बाजूला घेऊन बसलं. गोडी आली सगळ्यांत शेवटी, फारसा गाजावाजा न करता.

"काय लागतंय?"

"कडू आहे, आप्पा, पण भांडत नाही. मागनं माया येते."

"पयलं करवादतंय, मग च्या आणून देतंय, आसं?"

"अगदी तसं."

"म्हंजे आमच्या हिच्यासारकं," म्हणत ते उठले आणि मलाही आत घेऊन गेले.

त्यांनी आक्कांच्या जिभेवर इवलासा तुकडा ठेवला. आम्ही वाट पाहत राहिलो. आक्कांनी डोळे मिटले. तोंड भिंतीकडे वळलं नाही.

"आवडलं न्हवं?" आप्पांनी विचारलं. उत्तर कुठून येणार? आप्पांनी खांद्यावरचा टॉवेल आक्कांच्या डाव्या हातावर पसरला आणि आपला हात त्याखाली सरकवला. जुने दलाल असाच सौदा करत: कापडाखाली एकमेकांची बोटं दाबून, चारचौघांना भाव कळू न देता.

"सांग, काय भाव लावतीस?"

टॉवेल जरासा हलला. आप्पांचा चेहरा एकदम बाजारातला झाला. "एवढा? लई झाला गं!"

टॉवेल पुन्हा हलला, या वेळी जोरात.

"आनखी वाढवलास व्हय?"

ही बोटांची भाषा आक्का कधी शिकल्या, कोण जाणे. आप्पांनी मोकळ्या हातानं दुसरा तुकडा मोडला, पण कानाशी न्यायचं विसरून तसाच आक्कांच्या ओठांशी धरला. आक्कांनी तोंड उघडलं.

"मास्तर," माझ्याकडे न बघता आप्पा म्हणाले, "तुमी जावा घरला. ही काय लवकर ऐकायची न्हाय." त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ते पुसायला टॉवेल मोकळा नव्हता.