तळ्याची निळी रेघ

एका जंगलात, मुलांनो, एक तळं होतं आणि त्या तळ्याची एक समिती होती. तळं उन्हाळ्यात आटायचं. समिती आटत नसे.

समितीचे अध्यक्ष हत्तीसाहेब. सचिव साळिंदर. तो शहरात शिकून आला होता आणि येताना लॅपटॉप घेऊन आला होता.

एके दिवशी हरिणी समितीपुढे आली. मागे तिचं पाडस होतं, नुकतंच चालायला लागलेलं.

"साहेब, तळं आटणार असेल तर आत्ताच सांगा," ती म्हणाली. "नदी दोन दिवसांच्या वाटेवर आहे. मध्ये थेंब नाही. इथून पोटभर पिऊन निघालो तरच हे पोचेल. निघू की थांबू?"

"असं तोंडाने सांगायचं नसतं. हिशेब काढून सांगू," साळिंदर म्हणाला.

तळ्याचं पाणी दोघंच मोजत. बगळा रोज त्यात उभा राही. आधी पाणी त्याच्या गुडघ्याच्या वर होतं, मग गुडघ्याला, आता घोट्याला. हत्तीसाहेब कधीमधी आंघोळीला बसत आणि बसल्या बसल्या काठच्या दगडावर पाणी कुठवर आलं ते पाहत. ते नेहमी वरच असे.

साळिंदराने सगळे आकडे स्प्रेडशीटमध्ये भरले. पडद्यावर ठिपके उमटले.

"आता यांच्यामधून एक वळणदार रेघ काढायची. रेघ जाईल तसं पाणी जाईल. पण सगळे ठिपके सारखे नसतात. ज्याच्यावर भरवसा जास्त, त्याला वजन जास्त. रेघ त्याच्याकडे झुकते."

मुलांनो, ही पद्धत अगदी बरोबर आहे. कॉलेजात हीच शिकवतात. तिला नावं ठेवू नका.

"मग बगळ्याला किती वजन?" हरिणीने विचारलं.

सभेत हशा पिकला.

"बगळा म्हणतोय, तळं आटणार!" माकड ओरडलं. "अरे, तुझ्या आजोबांनी हेच सांगून एकेक मासा उचलून नेला आणि खाल्ला. पाळण्यात असल्यापासून ऐकतोय आम्ही ही गोष्ट!"

"आजोबा खोटं बोलले," बगळा म्हणाला. "मासे मीही खातो. पण पाणी घोट्याला आलंय. चला, दाखवतो."

कुणी उठलं नाही. ऊन फार होतं.

"बगळा, शून्य," साळिंदराने टाइप केलं. "हत्तीसाहेब, शंभर."

"एवढंच?" हत्तीसाहेब म्हणाले.

"पण साहेब आत बसतात म्हणून तर पाणी वर चढतं," हरिणी म्हणाली.

"बाई, आपलं शिक्षण?" साळिंदराने आदराने विचारलं.



रेघ आली. निळी, गुळगुळीत. हत्तीसाहेबांचे ठिपके तीनच होते. तिन्हींतून ती अचूक गेली. तीन ठिपक्यांतून वळणदार रेघ नेहमीच अचूक नेता येते, पण सभा टाळ्या वाजवण्यात गुंतली होती.

"पावसाळ्यापर्यंत कमरेएवढं पाणी," साळिंदराने जाहीर केलं.

"कुणाच्या कमरेएवढं?" माकडाने विचारलं.

"साहेबांच्या."

हरिणी थांबली.

तळ्यातले मासे संपले तेव्हा बगळा नदीकडे निघाला. "ताई, आजच्या आज निघा," तो जाताना म्हणाला. हरिणीने पाडसाकडे पाहिलं, मग रेघेकडे. बगळ्याची नोंद बंद पडली. त्याचं वजन शून्यच होतं, त्यामुळे रेघेत काही फरक पडला नाही.

मग तळ्यात चिखल राहिला. मग भेगा. हत्तीसाहेब नेहमीप्रमाणे बसले. धूळ उडाली.

तातडीची सभा भरली.

"तळं रेघेपासून फार लांब गेलंय," साळिंदर म्हणाला. "अशाला अपवाद म्हणतात. अपवाद वगळायचा असतो."

तळं वगळण्याचा ठराव एकमताने मंजूर झाला. मग हत्तीसाहेब नदीकडे निघाले. त्यांच्या ढांगा मोठ्या. साळिंदर त्यांच्या पाठीवर बसला. लॅपटॉप मात्र काठावर चालू ठेवला, कारण समितीचं काम थांबून चालणार नव्हतं.

हरिणीही उठली. पाडस उठेना. ते लॅपटॉपपाशी पडून होतं. पडद्यावरची रेघ निळी होती.

पाडस ती चाटू लागलं.

तात्पर्य: बगळ्यावर कधीही विश्वास ठेवू नये. ही गोष्ट मुलांना लहानपणीच सांगावी, म्हणजे मोठेपणी त्यांना तळ्यापर्यंत जाऊन बघावं लागत नाही.