सबनीस काकांची पद्धत

लेखनाचा मला अधिकार नाही. पन्नाशी उलटल्यावर प्रथमच लेखणी उचलतो आहे, तेव्हा वाचकांनी या आगाऊपणाची क्षमा करावी. अमेरिकेत रेडमंडमधले माझे शेजारी सबनीस काका यांच्याविषयी गप्प राहणे मात्र आता जमत नाही.

काका कुणाचे नाव विचारत नाहीत. "नाव राहू द्या हो, आडनाव?" उत्तरावरून ते जिल्हा, जात आणि धर्म काढतात आणि मगच हात पुढे करायचा की नुसते हसायचे, ते ठरवतात. वर म्हणतात, "मी जातीयवादी नाही हं. मी फक्त पद्धतशीर आहे."

जमातवादाची व्याख्या मी कॉलेजात पाठ केली होती: ज्यांचा धर्म एक त्यांचे हित एक, आणि इतरांचे हित त्याच्या आड येणारे. काकांना पाठांतराचीही गरज पडली नाही. सांता क्लाराचा त्यांचा मुलगा "बाबा, आय विल कॉल यू बॅक" म्हणून महिनोन्‌महिने फोन करत नाही. तरी व्याख्येनुसार त्यांचे हित एकच.

काकू गेल्यावर काकांनी वरची खोली भाड्याने द्यायला काढली. लातूरची एक विद्यार्थिनी फोनवर "देशमुख" म्हणाली आणि मुलाखत तिथेच संपली; खोली तिला मिळाली. पाच महिने काका तिला कचेरीतल्यासारखे "देशमुख" म्हणत आणि ती त्यांच्याशी मनसोक्त भांडे.

"काका, हा चहा आहे की काढा?"

"पी मुकाट्याने. आलं महाग असतं इथे."

मार्चमध्ये विद्यापीठाचे पाकीट आले. त्यावर पूर्ण नाव होते: नीलोफर देशमुख.

"फसवलंस मला!"

"तुम्ही नाव विचारलंत कधी?"

"आठवड्यात खोली रिकामी कर."

"काका, परीक्षा आहे माझी!"

"पद्धत म्हणजे पद्धत."

तिच्या बॅगा माझ्या गाडीतून गेल्या. मी काकांना एक शब्दही बोललो नाही. माझ्या सभ्यतेची धाव तेवढीच.

त्यानंतर कुलकर्णी आले, जोशी आले. काकांनी एकाला बडबड्या ठरवले, दुसऱ्याला मुका. खोली अजून रिकामीच आहे.

काल कुंपणापाशी त्यांनी मला थांबवले. "तिच्या नव्या खोलीत हीटर चालतो ना रे? नंबर आहे का तिचा तुझ्याकडे?"

"माफी मागणार आहात का, काका?"

ते बराच वेळ कुंपणावरचे शेवाळ नखाने खरवडत राहिले. मग घरात निघून गेले.

तिचा नंबर माझ्याकडे आहे. तो मी त्यांना द्यावा का?