डेरिक पॉमफ्रेट यांच्या चार माना

ऐकणं ही देवाची देणगी आहे. ऐकतोय असं दिसणं ही मात्र ज्याची त्याची कमाई. आमच्या लीड्सचे डेरिक पॉमफ्रेट या कमाईवर पंचवीस वर्षं दर रविवारी टीव्हीवर मुलाखती घेत आले.

कार्यपद्धती अशी. कॅमेरा एकच, तो पाहुण्याच्या तोंडावर. पाहुणा बोलत असताना डेरिक कार्डावरचा पुढचा प्रश्न पाठ करत. पाहुणा घरी गेला की कॅमेरा फिरवायचा, डेरिकनी रिकाम्या खुर्चीकडे पाहून मान हलवायची, आणि मग दोन्ही चित्रणं जोडायची. माना एकूण चार: सहमतीची, नवलाची, ‘बोला, बोला’ची आणि दुःखाची. (दुःखाची जरा तिरकी.) एवढ्या भांडवलावर बिशप, विधवा, खाणकामगार आणि बक्षीसपात्र भोपळेवाले सगळे पार पडले. सर्वोत्तम श्रोता म्हणून डेरिकना पितळी कान मिळाला. कीर्तनात बुवांच्या ओवीला डोलणारे पुष्कळ पाहिले. बुवा घरी गेल्यावर डोलणारा हा एकच.

पंचविशीनिमित्त पाहुणी म्हणून त्यांची बायको मॉरीन हिलाच बोलावलं. ती लगेच तयार झाली. तिला नवऱ्यापाशी एक विषय काढायचा होता. घरी तो अनेकदा काढून झाला होता, आणि दर वेळी तिच्या वाट्याला सहमतीची मान आली होती.

खुर्चीत बसून, पर्स मांडीवर घट्ट धरून ती म्हणाली, “डेरिक, मी तुझ्या मानेशी संसार केला रे. शनिवारी मी व्हिटबीला बहिणीकडे चाललेय, कायमची. नको जाऊ म्हणालास, तर राहीन.”

डेरिक कार्डावरून वर बघत म्हणाले, “वा, छान. आणि तुमचा आवडता केक?”

“लिंबाचा,” मॉरीन म्हणाली, आणि निघून गेली.

तिथल्या सगळ्यांनी हे ऐकलं होतं. डेरिकना मात्र कोणी सांगितलं नाही. दुसऱ्याच्या घरच्या गोष्टीत नाक खुपसणं आमच्याकडे असभ्य समजतात. शिवाय नवऱ्याला ठाऊक असेलच. निर्मात्या मिस बर्ट्रम डोळे पुसत एवढंच म्हणाल्या, “डेरिक, राजा, आता माना देऊन टाक. चौथी जरा जास्त दे.” डेरिकनी दिली. तशी मान या देशात पूर्वी झाली नाही.

शनिवारी मॉरीन बॅग घेऊन दाराशी बराच वेळ उभी राहिली. “निघते रे,” म्हणाली. पेपरामागून तिला ‘बोला, बोला’ची मान मिळाली.

रविवारी डेरिक चहा स्वतःच करून (ती बागेत असेल) टीव्हीसमोर बसले आणि बायकोचं म्हणणं त्यांनी पहिल्यांदा ऐकलं. “नको जाऊ,” ते मोठ्याने म्हणाले. पडद्यावरच्या डेरिकनी सावकाश, तिरकी मान हलवली.

प्रेक्षकांची पत्रं पोत्यांनी आली. सगळ्यांचं म्हणणं एकच: असं ऐकणारा नवरा मिळायला भाग्य लागतं.

असो. तुम्ही हे वाचत असताना मघाशी घरातून कोणीतरी तुम्हाला काहीतरी विचारलं, आणि तुम्ही ‘हं’ म्हणालात. काय विचारलं होतं?